एकाच गाण्याची बाई

"ते एक गाणं सोडून काहीही गा."

दामिनीनं वळून पाहिलं. स्टेजच्या पायरीवर एक तरुण उभा होता. मरून कुर्ता, कपाळावर आलेले केस, आणि डोळ्यांत... विनंती होती की धमकी, तिला पटकन कळेना.

"कोणतं एक?"

"तुम्हाला ठाऊक आहे. सगळे तेच मागतात. 'निळी सायकल'."

अमरावतीतल्या त्या लॉनवर डिसेंबरची थंडी उतरली होती. शेकोट्यांभोवती पाहुणे जमले होते, दह्यातल्या गिल्या वड्याच्या स्टॉलवर झुंबड होती, आणि स्टेजवर अकोल्याच्या गोवर्धनभाऊंचा ऑर्केस्ट्रा रंगात आला होता. त्यांच्या कार्यक्रमाचं नाव 'कॅसेटचा जमाना'. ज्यांचं एकच गाणं तुफान गाजलं आणि जे पुन्हा कधी दिसलेच नाहीत, अशा पॉप गायक-गायिकांची गाणी त्यात असायची. आणि त्या सगळ्यांत हुकमी गाणं 'निळी सायकल'. ते दामिनीच म्हणायची.

"नवरदेवाची फर्माईश हाय," ती म्हणाली.

"नवरदेव माझा मावसभाऊ आहे. त्याला मी समजावतो."

"मंग जा ना, समजावा त्याले. मले काहून सांगून राहिले?"

 तो एक पायरी वर आला आणि अगदी हळू म्हणाला, "प्लीज..."

त्या एका शब्दानं दामिनी अडखळली. पण तेवढ्यात मागून की-बोर्डवर गाण्याची सुरुवातीची सुरावट वाजली. सायकलच्या घंटीसारखी, टिंग-टिंग-टिंग. सगळं लॉन ओरडलं. पोरी खुर्च्यांवरून उठल्या, चुलते-मामे टाळ्या पिटायला लागले. आता काय करणार? दामिनीनं माईक तोंडाशी नेला.

निळी सायकल, वाजते घंटी,
वळणावरती थांब ना...

पहिलं कडवं संपता संपता तिला दिसलं. तिसऱ्या रांगेतली राखाडी रेशमी साडीतली एक बाई उठली. कुणाकडे न बघता, ताठ मानेनं, फाटकाकडे चालू लागली. तो मरून कुर्त्यावाला तिच्यामागे धावला. फाटकाशी थांबून त्यानं एकदाच वळून स्टेजकडे पाहिलं. ती नजर दामिनीला गाणं संपेपर्यंत टोचत राहिली.

"अवं पोरी, कोन होती थे माहीत हाय का?" सामान आवरताना गोवर्धनभाऊ म्हणाले. "चारुशीला! त्या गान्याची असली गायिका. तिच्याच पुढं तू तिचं गानं म्हटलं!"



*

दुसऱ्या दिवशी ती अकोल्याला परतलीच नाही. विचारत विचारत राजापेठेत पोचली. ट्यूशनला निघालेल्या पोरांच्या स्कूटरींमधून वाट काढत एका दुमजली इमारतीपाशी थांबली. वर पाटी होती, 'गणित, आठवी ते बारावी'. खाली काचेच्या दारावर 'श्रवण केंद्र: ऐकू कमी येणाऱ्यांसाठी तपासणी व मशीन'. दारामागे तोच कालचा तरुण एका म्हाताऱ्या बाबांच्या कानात मशीन बसवत होता.

बाबा गेल्यावर तो म्हणाला, "काय काम आहे?"

"माफी मागायची हाय. मॅडमची."

"आई वर शिकवते आहे. आणि तिला कुणाची माफी नकोय. तिला फक्त ते गाणं नकोय."

"आन् तुमची मागतली तं चालल का?"

त्यानं मान वर केली. ओठांच्या कोपऱ्यात हसू आलं होतं, ते त्यानं दाबलं. "बसा," तो म्हणाला. "मी ईशान."

चहा आला. आणि मग, कोण जाणे का, त्यानं अनोळखी मुलीला सगळं सांगून टाकलं. आईचं गाणं आलं तेव्हा तो जन्मलाही नव्हता. दर चौकात, दर वरातीत ते वाजलं होतं. नंतर तिनं दुसरा अल्बम केला, जीव ओतून केला. कुणी ढुंकून पाहिलं नाही. गणपतीतल्या एका कार्यक्रमात तिनं नवं गाणं धरलं आणि लोक ओरडायला लागले, 'निळी सायकल! निळी सायकल!' ते म्हटलं, तर पुन्हा तेच मागितलं. पुन्हा म्हटलं, तर पुन्हा. ईशान लहान होता, विंगेत खुर्चीवर बसून बघत होता.

"परत येताना गाडीत ती रडत होती. त्यानंतर आई गायली नाही. वडील होते तोवर ते विषय टाळायचे. ते गेल्यावर मीच बघतो, घरात ते गाणं येणार नाही असं." मग कप उचलून, "काल तुम्ही आणलंत."

दामिनीनं कप खाली ठेवला. "आमचं गाव बाळापूरपाशी. बाबाच्या ट्रॅक्टरवर तेवढी एकच कॅसेट होती. नांगरताना दिवसभर तेच गाणं. मी बांधावर बसून म्हनाची. गायले शिकली थे तितूनच. दुसरा कोन्ताच गुरू नाई मले." तिचा आवाज जरा हलला. "मोठ्या गायिकेचं गानं लागलं का लोक म्हनतात, तिचं गानं. हे लागलं का म्हनतात, आमच्या वक्ताचं गानं. तुमच्या आईनं एकच गानं देल्लं, पन पुरंच देऊन टाकलं ना लोकाईले. म्हून अजून वाजते थे."

 ती उठली तेव्हा ईशान म्हणाला, "इतक्या मोठ्या स्पीकरपुढे रोज उभ्या राहता. कान तपासलेत कधी?"

त्यानं तिला आवाजबंद खोलीत बसवलं, कानांवर हेडफोन चढवले. काचेपलीकडून त्याचा आवाज आला. "बारीक आवाज येतील. ऐकू आला की बोट वर करायचं."

टिंग... बोट वर. टुं... बोट वर. आवाज बारीक होत गेले, पार श्वासाइतके. आणि मग, अगदी तळातून, एक वाक्य आलं.

"काल रागात होतो... पण गायलात फार सुंदर."

दामिनीनं बोट वर केलं नाही. मान खाली घालून बसली. पण गाल लाल झालेले काचेतून स्पष्ट दिसत होते.

*

मग काहीबाही कारणं निघू लागली. ईशानला अकोल्यात एका पेशंटला मशीन द्यायचं असायचं. दामिनीला अमरावतीत ड्रेस शिवायला टाकायचा असायचा, जणू अकोल्यातले सगळे टेलर गाव सोडून गेले होते. तेही जमलं नाही, तर अर्ध्या वाटेत मूर्तिजापूर. स्टँडसमोरच्या टपरीवर तो थांबायचा. ती बसमधून उतरताना तो उगाच मोबाइल बघत असल्याचं दाखवायचा.

"बस लवकर आली का वं आज?" तो वऱ्हाडी बोलायचा प्रयत्न करायचा.

"तुमी नका बोलू बाप्पा असं. सूट घालून वावरात डवऱ्यामागं उभं राहिल्यावानी वाटते."

"मग 'तुमी' सोड. 'तू' म्हण."

"म्हनीन..." ती संत्र्याची फोड त्याच्या तळहातावर ठेवायची. "टाइम आल्यावर."

बोटं बोटांना लागायची आणि दोघंही रस्त्यावरच्या ट्रककडे फार लक्ष देऊन बघायला लागायची.

सगळं असं गोड चाललं होतं. पण चारुशीलाबाईंना ती अजून भेटली नव्हती. ईशान म्हणायचा, "नंतर." आणि त्या 'नंतर'च्या आत काहीतरी टोकदार होतं, ते दोघांनाही ठाऊक होतं.

ते बाहेर आलं एका फोनमुळे.

कुणीतरी त्या लग्नातलं दामिनीचं गाणं मोबाइलवर टिपून नेटवर टाकलं होतं. बघता बघता ते घरोघरी पोचलं. आणि पुण्याच्या एका म्युझिक कंपनीतून फोन आला. 'निळी सायकल' नव्यानं करायचंय, आवाज तुमचा हवा. अकोल्यात तुमचा कार्यक्रम आहे ना? आमचा माणूस येईल ऐकायला.

दामिनीनं आधी बाबांना सांगितलं, मग ईशानला. मूर्तिजापूरच्या टपरीवर, चहा हातात असताना.

त्याचा चेहरा उतरला. "तू काय सांगितलंस?"

"हाव म्हटलं. काय सांगनार?"

"दामिनी, पुन्हा सगळीकडे तेच वाजेल. दर रिक्षात, दर मोबाइलवर. आईनं कुठं जायचं? आणि तुझं काय होईल? तूही एकाच गाण्याची होशील. आयुष्यभर लोक तेवढंच मागतील."

"कितीक जनाईचं एकही गाजत नाई, ईशान. मी रोज दुसऱ्यायचे गाने म्हनते. मले एक भेटून राहिलं, तं तुमी म्हनता सोडून दे?"

"मी म्हणतोय, निवड कर."

टपरीवरचा स्टोव्ह भर्रर्र आवाज करत होता. दामिनीनं कप टपरीच्या फळीवर ठेवला.

"तुमी आईले इचारलं कधी?" ती म्हणाली. "एकदा तरी? जगाले ऐकू यावं म्हून दुकान मांडलं तुमी, आन् सोताच्या मायले ऐकू येऊ नये म्हून जीव टाकून राहिले."

अकोल्याची बस लागली होती. ती चढली. खिडकीशी बसली. तो खाली उभा होता, हातात गार झालेला चहा. बस हलली, आणि दोघांपैकी कुणीच हात हलवला नाही.

*

मग फोन बंद. मेसेज बंद. दामिनी हट्टानं रियाजाला बसायची आणि 'थांब ना' या शब्दांवर दर वेळी तिचा गळा दाटायचा. गोवर्धनभाऊ म्हणायचे, "सर्दी झाली का वं तुले?" ती म्हणायची, "हाव, सर्दीच."

कार्यक्रमाच्या आदल्या दुपारी जठारपेठेतल्या तिच्या खोलीची कडी वाजली. दारात चारुशीलाबाई उभ्या होत्या. एकट्या. खांद्याला पिशवी, चेहऱ्यावर एसटीची धूळ.

"आत येऊ का?"

 दामिनीनं खुर्ची पुढं केली, पाणी दिलं. बाई पाणी प्यायल्या, त्यांनी खोलीतला तंबोरा पाहिला, आणि सरळ विषयाला हात घातला.

"ईशान आठवडाभर नीट जेवत नाही. खोदून विचारलं तेव्हा सगळं बोलला. तुझं ते शेवटचं वाक्यही." त्या हसल्या. "बरोबर जागी लागलंय ते."

"मॅडम, माफ करा, माहा तसा इरादा..."

"ऐक गं. त्या लग्नातून मी का उठले, सांगू? ईशानला वाटतं, मला सहन झालं नाही. मला रडू नव्हतं आलं, पोरी. तुझ्या हातातून माईक ओढून घ्यावासा वाटला! भर लग्नात, सगळ्या पाहुण्यांसमोर. मीच घाबरले मला. म्हणून उठले." त्यांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "त्या गाण्यानं छळलं मला, खोटं कशाला बोलू? पण ते माझं आहे. घरात कुठं ते लागलं की ईशान धावत जाऊन बंद करतो. लहानपणापासून. मी कधी म्हटलं नाही, राहू दे. पोरगं आपल्यासाठी धावतंय, त्याचंच बरं वाटायचं. इतकं बरं वाटलं की गाणंच हातचं गेलं."

खालच्या रस्त्यावरून भाजीवाल्याची हाक आली आणि विरली.

"उद्या मला स्टेजवर जागा देशील?"

 उद्या कंपनीचा माणूस येणार होता. त्याच स्टेजवर, तेच गाणं, आणि असली गायिका. आपल्याला मग कोण ऐकणार? एक क्षण तिच्या ओठांवर आलं होतं, 'गोवर्धनभाऊ नाई म्हनतीन.' किती सोपं होतं ते! समोर बाई वाट बघत होत्या, परीक्षेच्या निकालाला उभ्या राहिलेल्या मुलीसारख्या.

"मलेही तेच गानं म्हनायचं हाय, काकू," दामिनी म्हणाली. "कंपनीवाले येऊन राहिले."

"मग म्हण ना. दोघी म्हणू. आधी कोण?"

"तुमी," दामिनी म्हणाली.  "गानं आधी तुमचं हाय."

"ईशानला मात्र सांगू नकोस. तो येऊ देणार नाही."

त्या गेल्यावर दामिनी बराच वेळ फोन हातात धरून बसली. मग ईशानला लावला.

"मी बोलून राहिली. काकू उद्या अकोल्यात गानार हायेत. त्यायनं सांगू नको म्हटलं, पन तुमच्यापासून लपवनं मले जमत नाई. थांबवायले येऊ नका. ऐकाचं असल... तं या."

 पलीकडून फोन कटला.

*

सभागृह भरलं होतं. संध्याकाळचे पहिले दिवे लागत होते. पहिल्या रांगेत कंपनीचा माणूस पायावर पाय टाकून बसला होता. चारुशीलाबाई विंगेत उभ्या होत्या, त्याच राखाडी साडीत, आणि त्यांचे हात बर्फासारखे गार होते. दामिनीनं ते आपल्या हातांत धरले होते.

तेवढ्यात मागच्या दारातून ईशान आला. धापा टाकत.

"आई, चल. काही गरज नाही याची."

"ईशान," बाई शांतपणे म्हणाल्या, "तू बस." आणि त्या उजेडात चालत गेल्या.

नाव पुकारलं गेलं तेव्हा सभागृहात आधी कुजबुज झाली, मग आरडाओरडा. घंटीचे सूर वाजले. बाईंनी गाणं उचललं. पहिल्या ओळीला आवाज थरथरला, दुसरीला सावरला. लोक डोलायला लागले. आणि मग ती वरची जागा आली, 'थांब ना'ची. आवाज वर गेला... आणि फाटला. खोकला आला. वाद्यं दोन ठोके पुढं गेली आणि थांबली.



"दामिनी, तू उचल ना!" ईशान कुजबुजला. "तुझ्या हातात माईक आहे. गा ना!"

दामिनीच्या हातात खरंच माईक होता. तिला ती ओळ झोपेतही आली असती. कंपनीचा माणूस बघत होता. तिनं माईक खाली केला.

"नाई."

"मग मी जातो." तो निघाला. दामिनीनं त्याचं मनगट घट्ट धरलं.

"सोड मला."

"नाई सोडत. थे तिची ओळ हाय, ईशान. तिची तिले घेऊ दे. तू थांब."

'तू' म्हटलं होतं तिनं. दोघांनाही कळलं, पण त्या वेळी कुणाला काही सुचत नव्हतं. तिच्या बोटांखाली त्याची नाडी उडत होती.

स्टेजवर बाई पाणी प्यायल्या. घसा खाकरला. आणि चक्क हसल्या.

"बापहो, तवा मी तरनीताठी होती. आता माहे चष्म्याचे नंबर बदलून राहिले," गणिताच्या मॅडम ठेवणीतल्या वऱ्हाडीत बोलल्या. "पट्टी जराशी खाली घेतली तं चालल ना?"

सभागृह खळखळून हसलं. की-बोर्डवाल्यानं दोन सूर खाली घेतले. आणि गाणं पुन्हा सुरू झालं. सावकाश, जरा जाड आवाजात. आधी ती एका उनाड पोरीची हाक होती. आता वाटत होतं, पुढं निघून गेलेल्या कुणाला तरी कुणी फार मायेनं बोलावतंय. ईशान ते ऐकत होता. विंगेतल्या अंधारात त्याच्या गालावरून पाणी ओघळत होतं आणि ते पुसायचंही त्याला भान नव्हतं.

टाळ्या थांबेनात. बाईंनी हात वर केला. "आता एक दुसरं म्हणते. हे तुम्ही ऐकलेलं नाही."

त्यांनी ते म्हटलं. संथ, गंभीर गाणं होतं. मधेच बरेच लोक उठून चहाला गेले. खुर्च्यांचे आवाज झाले. बाई गातच राहिल्या, शेवटच्या सुरापर्यंत. उरलेल्यांनी ते मन लावून ऐकलं.

मग दामिनीची पाळी आली. ती वाईट गायली नाही. पण लोकांच्या कानांत अजून तो खालच्या पट्टीतला आवाज होता. तिला ते पहिल्या ओळीतच कळलं.

कंपनीचा माणूस नंतर भेटला. सभ्य होता बिचारा. "तुम्ही छान गाता. पण मूळ गायिकाच मिळाल्या म्हटल्यावर... तुम्ही समजू शकता."

"हाव," दामिनी म्हणाली. "समजते ना."

ती सभागृहाच्या मागच्या आवारात येऊन पायरीवर बसली. आणि रडली. कुणाला दिसू नये म्हणून नाही, आणि दिसावं म्हणूनही नाही. जीव लावलेलं काहीतरी गेलं होतं, म्हणून रडली.

ईशान येऊन शेजारी बसला. 

"आई कंपनीवाल्याला म्हणाली, मुलीला घ्या. तो नाही म्हणतो," तो म्हणाला. "मग आई म्हणते, मग मीही नाही."

दामिनीनं डोळे पुसले. "त्याईले सांग, येडेपना नको करू म्हना. इतक्या वर्सानं भेटून राहिलं. गाच म्हना." मग नाक ओढून, "पन थे दुसरं गानं, जे ऐकाले लोक थांबले नाईत... थे मले शिकवा म्हना. थे मी म्हनीन."

"लोक चहाला जातील."

"जाऊ दे. चहा पिऊन वापस येतीनच ना कवातरी."

ईशान हसला. हसता हसता त्याचा आवाज भरून आला. "मी तुला निवड करायला सांगितली. मी कोण होतो सांगणारा? सगळी घाई, सगळा राग... खरं सांगू? मला भीती वाटत होती. गाणं तुला घेऊन जाईल आणि तू मूर्तिजापूरला उतरणार नाहीस." तो थांबला. "माझं तुझ्यावर प्रेम आहे, दामिनी. हे आधी म्हणायला हवं होतं. आणि आता म्हणतोय तेही कधी, तर तुझं गाणं माझ्याच घरात गेल्यावर."

आतून खुर्च्या उचलल्याचे आवाज येत होते. चारुशीलाबाई कुणाच्या तरी मुलीला स्वाक्षरी देत मोठ्यानं हसत होत्या.

दामिनीनं त्याच्याकडे पाहिलं. पापण्या अजून ओल्या होत्या, पण त्यांच्याखाली तिचा तो नेहमीचा खट्याळपणा पुन्हा जागा झाला होता.

"गेलं तं गेलं," ती म्हणाली. "आता मलेच यावं लागल ना त्या घरात... त्याच्यामागं."